दवाखान्यात दिलेली माहिती जाते कुठे? मोठी यंत्रं, एक जूनचे वाढदिवस आणि आपण

सरकारी दवाखान्यात केसपेपर काढताना खिडकीतला माणूस तुमचं नाव, वय, गाव आणि मोबाइल नंबर विचारतो. आशाताई घरी आल्या की घरात कोण गरोदर आहे, कोणाला खोकला आहे, बाळाचं लसीकरण झालं का, हे वहीत लिहून घेतात. प्रयोगशाळेत रक्त दिलं की तो आकडा कागदावर तुमच्या हातात येतो आणि त्याच वेळी संगणकातही जातो.

यातला कागद तुम्ही घरी नेता. बाकीची माहिती कुठे जाते, तिचं काय होतं, तिचा तुमच्या तब्येतीला काही उपयोग होतो का, हे प्रश्न फार थोडे लोक विचारतात. आता आरोग्यखात्यापासून खासगी रुग्णालयांपर्यंत सगळीकडे "डेटा", "ॲनालिटिक्स", "डॅशबोर्ड" हे शब्द ऐकू येतात. मोठी यंत्रं घेतली की आरोग्यसेवा सुधारेल, असं सांगितलं जातं. यात खरं किती आणि अपुरं किती, ते आज बघू.

माझं मत आधीच सांगतो. यंत्र चांगलंच आहे. पण ते सगळ्यात शेवटी घ्यायची गोष्ट आहे. आधी उपकेंद्रातली नोंद नीट व्हायला हवी आणि त्या नोंदीतून निघालेलं उत्तर उपकेंद्रापर्यंत परत यायला हवं.

रोजकीर्द आणि खतावणी

जळगावच्या दाणाबाजारात किंवा धुळ्याच्या बाजार समितीत ज्यांचं दुकान आहे, त्यांना ही गोष्ट लगेच समजेल. दुकानात दिवसभर जे व्यवहार होतात ते घडतील तसे रोजकीर्दीत लिहिले जातात. नंतर तेच व्यवहार खतावणीत खात्याप्रमाणे मांडले जातात. गिऱ्हाईक समोर उभं असताना रोजकीर्द लागते. "या वर्षी तूरडाळीत किती कमावलं? कोणाकडे उधारी तुंबली आहे?" असे प्रश्न पडले की खतावणी लागते.

रुग्णालयातही असंच आहे. खिडकीवरचा संगणक म्हणजे रोजकीर्द. तो एका वेळी एका रुग्णाची नोंद झटपट करतो. पण "गेल्या पाच वर्षांत चोपडा तालुक्यात किती गरोदर बायकांचं हिमोग्लोबिन ७ च्या खाली होतं, आणि त्यातल्या किती जणींना रक्त द्यावं लागलं?" असा प्रश्न त्याला विचारला, तर तो अडखळतो. खिडकीवरची रांगही थांबते. म्हणून सगळीकडची माहिती वेगळ्या ठिकाणी आणून, एकसारखी करून, नीट मांडून ठेवतात. त्याला म्हणतात डेटा वेअरहाऊस, म्हणजे माहितीची वखार.

ही वखार दोन युक्त्यांमुळे वेगाने चालते. पहिली युक्ती रकान्यांची. नोंदवहीतून सगळ्यांचं हिमोग्लोबिन काढायचं तर आपल्याला प्रत्येक पान उलटावं लागतं. वखारीतलं यंत्र बहुधा प्रत्येक रकाना वेगळा साठवतं, त्यामुळे फक्त हिमोग्लोबिनचा रकाना वाचला की काम होतं. दुसरी युक्ती वाटणीची. एका कारकुनाने लाख कागद मोजण्याऐवजी शंभर कारकुनांनी हजार-हजार कागद मोजायचे आणि शेवटी बेरीज करायची.

तयार घरघंटी

अशी वखार उभारायला पूर्वी संगणक एकाकडून, साठवणुकीची साधनं दुसऱ्याकडून आणि सॉफ्टवेअर तिसऱ्याकडून घ्यावं लागे. मग ते सगळं जुळवत बसायचं. त्यावर उपाय म्हणून "डेटा वेअरहाऊस अप्लायन्स" आलं. सगळं आधीच जुळवलेलं एक कपाट येतं. विजेला आणि नेटवर्कला जोडा आणि कामाला लावा. दळणासाठी जातं, मोटार आणि पट्टा वेगवेगळा न आणता आपण घरघंटी आणतो, तसंच हे.

अमेरिकेतल्या टेराडेटा या कंपनीने १९८० च्या दशकातच या प्रकारची यंत्रं आणली. पुढे नेटीझा नावाच्या कंपनीने "अप्लायन्स" हा शब्दच लोकप्रिय केला. गंमत म्हणजे हे नाव आपल्या ओळखीच्या "नतीजा" या शब्दावरून घेतलेलं आहे. २०१० मध्ये आयबीएमने ती कंपनी विकत घेतली. बँका, मोबाइल कंपन्या, मोठी दुकानं आणि विमा कंपन्या अशी यंत्रं वर्षानुवर्षं वापरत आल्या आहेत.

वापरणाऱ्यांचा अनुभव काय? चांगली बाजू अशी की ज्या प्रश्नाला आधी रात्र लागायची त्याचं उत्तर काही मिनिटांत मिळू लागलं. उभारणी सोपी झाली. रोज देखभाल करणारी माणसं कमी लागली.

तक्रारीही ठरलेल्या आहेत. कपाट भरलं की मध्येच थोडी जागा वाढवता येत नाही, मोठं कपाट घ्यावं लागतं. एका कंपनीचं यंत्र घेतलं की तिच्याच दारात उभं राहावं लागतं. कंपनीने जुन्या मॉडेलची देखभाल बंद केली की सगळी माहिती दुसरीकडे हलवण्याचा मोठा खर्च येतो. म्हणून आता पुष्कळ जण स्वतःचं कपाट न घेता भाड्याच्या जागेत, म्हणजे क्लाऊडमध्ये माहिती ठेवतात.

पण सगळ्यात मोठी तक्रार यंत्राबद्दल नाहीच. घरघंटी कितीही महागाची असो, ज्वारीत खडे असतील तर भाकरीत कचकच येणारच. यंत्र चुकीचं उत्तरसुद्धा तेवढ्याच वेगाने आणि तेवढ्याच देखण्या आलेखात देतं. आणि आलेख दिसला की माणसाचा लगेच विश्वास बसतो.

खान्देशाला हे नवीन नाही

आधारचा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी दिला गेला, तो नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात. नंदुरबार १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच होतं. म्हणजे देशातल्या एका प्रचंड माहितीसाठ्याची सुरुवात आपल्या खान्देशात झाली.

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ ला राज्यातल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्या आठांत धुळे होतं. तीच आजची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. या योजनेत शस्त्रक्रियेला मंजुरी घ्यायची तर तपासण्या आणि फोटो संगणकावरून पाठवावे लागतात. त्यामुळे कोणत्या तालुक्यातल्या माणसावर, कोणत्या रुग्णालयात, कोणता उपचार झाला याची नोंद आपोआप तयार होते.

आणखी काही नोंदी तुमच्या नकळत होत असतात:

- क्षयरोगाच्या प्रत्येक रुग्णाची नोंद २०१२ पासून "निक्षय" या प्रणालीत होते. खासगी डॉक्टरांनाही ती बंधनकारक आहे. उपचाराच्या काळात पोषणासाठी मिळणारी रक्कम याच नोंदीवरून खात्यात जमा होते. ती आधी महिन्याला ५०० रुपये होती, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाली.
- गरोदर माता आणि बाळ यांची नोंद माता-बाल आरोग्य प्रणालीत होते.
- साथीच्या आजारांची नोंद तीन पातळ्यांवर होते. आरोग्यसेविका लक्षणं नोंदवतात, डॉक्टर संशयित आजार नोंदवतात आणि प्रयोगशाळा पक्कं निदान नोंदवते.
- "आभा" हा १४ आकडी आरोग्य क्रमांक. याची रचना मात्र वखारीपेक्षा वेगळी आहे. तुमचे कागद जिथे तयार झाले तिथेच राहतात आणि तुमच्या संमतीने एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे जातात. आभा काढणं ऐच्छिक आहे.

नीट नोंदीतून काय मिळू शकतं?

पहिलं उदाहरण सिकलसेलचं. सातपुड्याच्या पायथ्याच्या चोपडा, यावल, रावेर, शिरपूर आणि पश्चिमेकडच्या साक्री तालुक्यातल्या भिल्ल, पावरा अशा समाजांसाठी हा जिव्हाळ्याचा प्रश्न आहे. आई आणि वडील दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. बाळ वाहक असण्याची शक्यता ५० टक्के असते. वाहकाला स्वतःला सहसा त्रास होत नाही, म्हणून तपासल्याशिवाय कळत नाही.

१ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांना तपासण्याचं उद्दिष्ट आहे. पक्की तपासणी एकदा झाली की वाहक आहे की नाही, हे आयुष्यभर बदलत नाही. मग ती नोंद हरवली तर काय होतं? शाळेत तपासलेल्या मुलीला लग्नानंतर पुन्हा सुई टोचली जाते, किंवा तिला आपला निकाल माहीतच नसतो आणि पहिलं बाळ आजारी झाल्यावर सगळं कळतं. इथे नोंद म्हणजे औषधाइतकीच महत्त्वाची गोष्ट आहे.

दुसरं उदाहरण बीडचं. ऊसतोड करणाऱ्या महिलांची गर्भाशयं मोठ्या प्रमाणात काढली गेल्याचं २०१९ मध्ये पुढे आलं. सुमारे ८२ हजार महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. यातली प्रत्येक शस्त्रक्रिया कुठल्या ना कुठल्या रुग्णालयाच्या रजिस्टरमध्ये लिहिलेली असणारच. पण ही रजिस्टरं शेजारी शेजारी ठेवून कोणी वेळेत पाहिली नाहीत. हंगामात साखर कारखान्यांकडे आणि गुजरातेकडे जाणारी कुटुंबं आपल्याकडेही आहेत, म्हणून हे उदाहरण परकं समजू नका.

तिसरं उन्हाचं. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या पुढे जातो, हे तुम्हाला सांगायला नको. उष्माघाताच्या नोंदी आणि रोजचं तापमान एकत्र ठेवलं, तर कोणत्या तापमानाला आणि कोणत्या कामाच्या माणसांना जास्त त्रास होतो हे कळेल. केळीच्या बागेतले मजूर, वीटभट्टीवरचे कामगार, की घरात पत्र्याखाली बसलेले म्हातारे? त्यावरून मजुरीच्या वेळा बदलता येतील आणि दवाखान्यात खाटा आधीच तयार ठेवता येतील.

खडे कुठून येतात?

आता दुसरी बाजू. दूर कुठेतरी बसलेल्या विश्लेषकाने आपल्याकडच्या जन्मतारखा पाहिल्या तर तो चक्रावून जाईल. १ जूनला जन्मलेली इतकी माणसं कशी? आपल्याला कारण माहीत आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी बहुतेकांचा वाढदिवस एक जून करून टाकला. पन्नाशीच्या पुढच्या पिढीत ही तारीख घरोघरी सापडते. यात विनोद आहे, पण वयावरून औषधाचा डोस, योजनेची पात्रता आणि आजाराचा धोका ठरतो, तेव्हा तो विनोद राहत नाही.

नावांचं बघा. एकाच गावात त्याच नावाचे चार पाटील असतात. संगणकात इंग्रजीत नाव लिहिताना "ज्ञानेश्वर" तीन प्रकारे लिहिलं जातं. यंत्राच्या दृष्टीने ती तीन वेगळी माणसं.

मोबाइल नंबर सुरतला असलेल्या मुलाचा किंवा शेजाऱ्याचा असतो. तपासणीचा निरोप त्याच्याकडे जातो, आजीपर्यंत पोहोचतच नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत. सासरच्या उपकेंद्रात नाव नोंदलेलं, सातव्या महिन्यात ती अमळनेरहून साक्रीला जाते. जुना क्रमांक कोणी विचारला नाही तर माहेरी नवी नोंद होते. आकड्यात दोन गरोदर बायका आणि एक बाळंतपण. सासरकडची नोंद "संपर्कात नाही" म्हणून लाल दिसते, आणि तिथल्या आरोग्यसेविकेला त्याचा जाब द्यावा लागतो.

भाषेचंही तसंच. रुग्ण सांगतो, "मनं डोकं दुखस, अंग मोडी ऱ्हायनं". संगणकात ठरलेली यादी उघडते आणि त्यातला एक पर्याय निवडावा लागतो. बाहेर ऐंशी माणसांची रांग असेल तर यादीतला सगळ्यात वरचा "ताप" निवडला जातो. डेंग्यू, मलेरिया, स्क्रब टायफस, साधा विषाणूचा ताप, सगळे एकाच पोत्यात.

रकाना रिकामा सोडला की पुढचं पान उघडत नाही, असंही काही ठिकाणी असतं. मग काय होणार? काहीतरी आकडा भरला जाणार. यात माणसाचा आळस कमी आणि रचनेची चूक जास्त आहे. वजनकाटा बिघडलेला असताना वजनाचा आकडा सक्तीने मागितला, तर येणारा आकडा खरा नसणारच.

२०२० ने जळगावला काय शिकवलं

मे-जून २०२० मध्ये जळगाव जिल्ह्यात कोविडने होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा कितीतरी जास्त दिसत होतं. हा आकडा रोज बातम्यांत येई. त्याचा अर्थ समजून घ्यायला हवा. मृत्युदर म्हणजे मृत्यू भागिले सापडलेले रुग्ण. तपासण्या कमी झाल्या की सापडलेले रुग्ण कमी आणि दर जास्त दिसतो. सुरुवातीला नमुने जिल्ह्याबाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवावे लागत, निकालाला वेळ लागे. भीतीने लोक उशिरा येत. आणि उपचारांतल्या त्रुटीही होत्या. एकाच आकड्यात ही सगळी कारणं मिसळलेली होती. आकडा धोक्याची घंटा वाजवतो, पण आग कुठे लागली हे तिथे जाऊनच बघावं लागतं.

त्याच काळात, १० जून २०२० ला, जळगावच्या कोविड रुग्णालयात एका वृद्ध महिलेचा मृतदेह तिथल्याच स्वच्छतागृहात सापडला. आठवडाभर त्या बेपत्ता आहेत असं धरलं गेलं होतं. नातेवाईक शोधत होते. पुढे चौकशी झाली, जबाबदार अधिकाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली.

हा प्रसंग मी जखम उकरण्यासाठी सांगत नाही. माहितीच्या यंत्रांबद्दल बोलताना तो विसरता येणार नाही, म्हणून सांगतो. जगातलं सर्वांत वेगवान यंत्र त्या रुग्णालयात असतं, तरी त्याने काय सांगितलं असतं? "एक रुग्ण खाटेवर नाही." हे तर कागदावरही होतं. प्रत्येक पाळीला खाट ते खाट फिरून माणसं मोजणं आणि एक माणूस कमी असेल तर दार उघडून बघणं, हे काम माणसाचंच आहे. नोंद ही त्या फेरीच्या पाठीमागून यायला हवी, तिची जागा घेण्यासाठी नाही.

त्याच महिन्यात आणखी एक गोष्ट घडली, आणि ती यंत्रांच्या बाजूने बोलते. १६ जून २०२० ला राज्याने नोंदींचा ताळमेळ घेतला, तेव्हा आधी न मोजलेले १,३२८ मृत्यू आकड्यात घालण्यात आले. त्यातले ८६२ मुंबईचे आणि बाकीचे राज्याच्या इतर भागांतले. वेगवेगळ्या ठिकाणच्या याद्या एकमेकांशी ताडून पाहिल्या म्हणूनच हे उघड झालं.

"आधी यंत्र आणा, चुका दिसू लागतील, मग नोंदी सुधारतील" असं म्हणणारे लोक आहेत. त्यांचा मुद्दा पूर्ण चुकीचा नाही हे यावरून मान्य करावं लागतं. एकत्र केल्याशिवाय खडे दिसत नाहीत. पण दिसलेले खडे वेचायला कोणीतरी हवं. ते कोणी वेचायचे, त्याला वेळ आणि पगार कोण देणार, हे ठरवलं नाही तर यंत्र फक्त खड्यांचा आलेख काढत बसतं.

माझी तीन मागणी

पहिली, माहिती परत आली पाहिजे. आज ती उपकेंद्रातून तालुक्याला, तालुक्यातून जिल्ह्याला आणि तिथून मुंबई-दिल्लीला जाते. खाली येतो तो बहुतेक वेळा जाब: "तुमचं उद्दिष्ट कमी का?" आशाताईला दर महिन्याला एक कागद मिळाला पाहिजे, की तुमच्या गावात या पाच गरोदर बायकांचं हिमोग्लोबिन कमी आहे, या दोन बाळांची लस राहिली आहे, या क्षयरुग्णाने औषध नेलेलं नाही. स्वतः भरलेल्या माहितीचा स्वतःला उपयोग झाला की माणूस ती आपोआप नीट भरतो. हिशेबाची वही दुकानदार काळजीपूर्वक लिहितो ती याच कारणाने.

दुसरी, एक माहिती एकदाच भरली जावी. तीच माहिती वहीत, मग एका पोर्टलवर, मग दुसऱ्या पोर्टलवर भरायला लावली, तर तीन ठिकाणी तीन आकडे येणारच. आणि तो वेळ जातो तुमच्या तपासणीतून. डॉक्टर किंवा नर्स पडद्याकडे बघून बोलतात, तुमच्याकडे बघत नाहीत, ही तुमची तक्रार मला रास्त वाटते.

तिसरी, खर्चाचा हिशेब उघड असावा. माहितीचं यंत्र घेताना त्याच्याबरोबर नोंद करणाऱ्या माणसांसाठी, प्रशिक्षणासाठी, चालू वजनकाट्यांसाठी आणि इंटरनेटसाठी किती ठेवले, हे विचारायला हवं. घरघंटीला पैसे आहेत आणि चाळणीला नाहीत, असा कारभार नको.

आणि गुपिताचं काय?

माहिती एकत्र झाली की धोकाही एकत्र होतो. क्षयरोग, एचआयव्ही, मानसिक आजार, सिकलसेल वाहक असणं, या गोष्टी गावात फुटल्या तर सोयरीक मोडते, नोकरी जाते. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, तेव्हा तिथलं काम सुमारे दोन आठवडे कागदावर करावं लागलं. देशातल्या सर्वांत मोठ्या रुग्णालयांपैकी एकाची ही गत झाली.

२०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा मंजूर झाला. आपली कोणती माहिती ठेवली आहे ते विचारणं आणि ती चुकली असेल तर दुरुस्त करून घेणं, हे हक्क त्यात आहेत. एकूण आकडे काढण्यासाठी नावाची गरज नसते. "शिरपूर तालुक्यात इतके वाहक" हे कळायला कोण वाहक हे कळावं लागत नाही. म्हणून विश्लेषणाच्या वखारीत नावं झाकूनच माहिती गेली पाहिजे, हा आग्रह आपण धरायला हवा.

तरीही एक विनंती. या भीतीने डॉक्टरांपासून आजार लपवू नका. लपवलेल्या आजाराचं नुकसान सगळ्यात आधी तुमचंच होतं.

तुम्ही काय करायचं?

१. स्वतःची फाइल ठेवा. डिस्चार्ज कार्ड, रक्ताचे रिपोर्ट, चालू औषधांची यादी एका पिशवीत, तारखेप्रमाणे. यंत्र बंद पडलं तरी ही पिशवी चालू असते. मोबाइलमध्ये फोटोही काढून ठेवा.

२. केसपेपर हातात आला की नाव, वय आणि मोबाइल नंबर तिथेच तपासा. चूक असेल तर खिडकी सोडण्याआधी सांगा.

३. नाव सगळीकडे एकाच पद्धतीने सांगा, आधारवर आहे तसं. खरं वय वेगळं असेल तर डॉक्टरांना तोंडी जरूर सांगा.

४. लेक माहेरी बाळंतपणाला आली असेल तर तिचं माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर आणायला सांगा, आणि माहेरच्या आरोग्यसेविकेला आधीचा नोंदणी क्रमांक दाखवा.

५. क्षयरोगाचे उपचार चालू असताना कामासाठी सुरत, नाशिक किंवा पुण्याला जायचं असेल, तर आधी दवाखान्यात सांगा. निक्षयमधली नोंद तिकडच्या केंद्राकडे पाठवता येते, औषध तिकडे मिळतं. न सांगता गेलात तर औषधात खंड पडतो आणि आजार औषधाला दाद देईनासा होऊ शकतो.

६. सिकलसेलची तपासणी झाली असेल तर निकालाचं कार्ड लग्नाच्या कागदांइतकं जपून ठेवा. झाली नसेल आणि घरात किंवा नात्यात कोणाला हा आजार असेल, तर लग्नाआधी करून घ्या.

७. कोणी माहिती मागितली तर "कशासाठी?" हे विचारायला संकोच करू नका. आभा क्रमांक नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. ओटीपी आलाच तर तो कशाचा आहे ते वाचल्याशिवाय सांगू नका.

८. ग्रामसभेत किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा: आमच्या गावाची माहिती तुम्ही वर्षभर गोळा केली, त्यातून आमच्या गावाबद्दल काय कळलं? या प्रश्नाचं उत्तर देणं ज्या दिवशी तिथल्या डॉक्टरांना सोपं जाईल, त्या दिवशी ते महागडं यंत्र सार्थकी लागलं असं समजायचं.

पुढच्या वेळी आशाताई वही घेऊन दारात आल्या, तर दोन मिनिटं बसायला सांगा आणि नीट माहिती द्या. राज्याच्या, देशाच्या आरोग्याचे जे मोठमोठे आलेख तुम्ही बघता, त्यांची सुरुवात तुमच्या ओट्यावर होते.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. स्वतःच्या आजाराबद्दलचा निर्णय आपल्या डॉक्टरांना भेटूनच घ्यावा.)